हिंजवडीत नोकरी, मग घर कुठे? आमच्या दोन घरांचा अनुभव

सामान बांधताना सासूबाईंच्या चपला हातात आल्या. नाशिकहून निघायच्या आदल्या दिवशी मेन रोडवरून घेतल्या होत्या, पुण्यात लागतील म्हणून, जरा जाड तळाच्या, गुडघ्याला बऱ्या. अकरा महिने झाले होते आणि चपलेचा तळ नवाकोरा, किमतीचा स्टिकरसुद्धा अर्धा तसाच चिकटलेला. सिडकोत राहायचो तेव्हा त्यांना वर्षाला दोन जोड लागायचे, सकाळी मंदिर, मग भाजी, संध्याकाळी भजनी मंडळ, मधेच कुणाकडे हळदीकुंकू. मी ती चपल हातात घेऊन तिथेच फरशीवर बसले आणि मला रडू आलं. कारण ते अकरा महिने मी रोज दहा मिनिटांत ऑफिसला पोचत होते आणि सगळ्यांना सांगत होते की घर अगदी मस्त मिळालंय.

थोडं मागून सांगते. २०२३ च्या फेब्रुवारीत मला हिंजवडी फेज २ मधल्या एका कंपनीची ऑफर आली. पगार चांगला, कामही माझ्या आवडीचं, त्यामुळे घरात फार चर्चा झालीच नाही. नवऱ्याचं अकाउंट्स आणि जीएसटीचं काम, ते लॅपटॉप आणि नेट असलं की कुठूनही होतं. मुलगी दुसरीत जाणार होती, मुलगा तीन वर्षांचा, आणि सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, बीपी आणि गुडघे. दोन महिन्यांचा नोटिस पीरियड, त्यात नाशिकचं घर आवरायचं, शाळा, गॅस, बँक, म्हणून पुण्यातलं घर आम्ही मोबाईलवरच शोधलं. ॲपमधे टू बीएचके टाकलं, लिफ्ट, सिक्युरिटी, मुलांना खेळायला जागा, आणि मुख्य म्हणजे ऑफिसपासून अंतर. एका शनिवारी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघं पुण्याला आलो, एजंटने त्याच्या गाडीतून दुपारी एक ते चार या वेळात पाच फ्लॅट दाखवले आणि आम्ही चौथा पक्का करून रात्री परत. चौदावा मजला, फेज ३ च्या बाजूला, माणच्या हद्दीत, ऑफिस दीड किलोमीटर. बाल्कनीतून डोंगर दिसायचे, वारा भन्नाट, किचन मोठं. आम्हाला वाटलं जिंकलो.

आता नीट विचार केला की कळतं, त्या घराचा हिशोब आम्ही फक्त माझ्या पायांनी केला होता. ऑफिसला जाणारी मी एकटी आणि तिथे चोवीस तास राहणार बाकीचे चौघं. त्यांचा दिवस कसा जाणार हे कोणी बघितलंच नाही. ही एक गोष्ट मला इतकी उशिरा कळली म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलंय, कारण आमच्याच टीममधे दर दोन महिन्यांनी कोणीतरी जळगावहून, कोल्हापूरहून, अमरावतीहून नवीन जॉइन होतं आणि पहिला प्रश्न हाच असतो, ऑफिसजवळ कुठे घर मिळेल.

पाण्यापासून सांगते. हिंजवडी, माण, मारुंजी हा सगळा भाग ग्रामपंचायतींचा, आयटी पार्क एमआयडीसीचं, आणि वरचं नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, जे २०१५ साली झालं. रस्त्यातला खड्डा कोणाचा, ड्रेनेज कोणाचं, कचरा कोण उचलणार, हे विचारायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. महापालिकेचं पाणी तिकडे पोचत नाही, म्हणजे आमच्या सोसायटीत तर नव्हतंच, बोअर आणि टँकर. सोसायटीच्या ग्रुपवर एप्रिल मे मधे रोजचा मेसेज, आज टँकर लेट आहेत, पाणी दुपारी २ ते ५ बंद राहील. टँकरचा खर्च मेंटेनन्समधे, आणि मेंटेनन्स आमच्या अंगावर. पण पैशापेक्षा त्रास पाण्याचाच व्हायचा. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "हे पाणी जड आहे गं, डाळ शिजत नाहीये." मला वाटलं कुकरचं काहीतरी असेल. पाच शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ बोटाला कचकच लागायची. पंधरा दिवसांत गिझरचा शॉवर पांढरा झाला, किटलीच्या तळाला खडूसारखा थर बसला. शेवटी त्या प्यायच्या जारच्या पाण्यात वरण लावायला लागल्या. पाच माणसांच्या घरात जारचं पाणी मोजून वापरायचं म्हणजे दिवसभर एक डोळा तिकडेच, आणि तो डोळा त्यांचाच.

मग बाहेर पडणं. सोसायटीच्या गेटच्या आत सगळं छान, लॉन, झोपाळे, सायकल ट्रॅक. गेटच्या बाहेर पाय ठेवला की फूटपाथ नाही, डंपर, तयार काँक्रीटच्या गाड्या, धूळ. भाजीवाला नाही, मंदिर नाही, गिरणी नाही. सगळं ॲपवरून दहा मिनिटांत घरी यायचं हे खरं, पण सासूबाईंना भाजी मागवायची नव्हती, त्यांना भाजी आणायला जायचं होतं. माझ्या हे लक्षातच येत नव्हतं. त्या कधी तक्रार करत नाहीत, नवरा विचारायचा, आई बरं आहे ना, तर म्हणायच्या, हो रे, छान वारा येतो. दुपारभर बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायच्या. सोसायटीत त्यांच्या वयाच्या तीनचार जणी होत्या पण एक तमिळ, दोन हिंदी बोलणाऱ्या, आणि आमच्या सासूबाईंचं हिंदी दोन वाक्यांपुढे जात नाही. माणसं सगळी चांगलीच होती, त्यांच्यातल्या एका आजींनी मुलाच्या वाढदिवसाला स्वतः पायसम करून आणलं होतं, पण गप्पा कशा होणार.

मुलीची शाळा नऊ किलोमीटरवर. बस सकाळी पावणेसातला, सुटल्यावर घरी यायला कधी पन्नास मिनिटं, कधी सव्वा तास. ती बसमधेच झोपायची. स्टॉपवर नवरा न्यायला जायचा तर मदतनीस ताई तिला उचलून हातात द्यायच्या, गालावर सीटच्या शिवणीचे वळ उठलेले. नाशिकला ती सेमीला होती, इथे जवळ मराठी किंवा सेमी काही सापडलं नाही म्हणून इंग्लिश मीडियमला घातलं. सहा महिन्यांनी तिने आजीला विचारलं, "आजी, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन का सिक्स्टी नाइन?" इंग्लिश शाळेला माझा विरोध नाही, खूप जणांची मुलं छान शिकतात तिथे. पण आम्ही ती शाळा निवडली नव्हती, घराच्या पत्त्याने आमच्यासाठी निवडली होती.

आणि ती नोव्हेंबरमधली संध्याकाळ. साडेसातच्या सुमारास सासूबाईंना चक्कर आली, घाम, बोलताना अडखळत होत्या. कॅब कोणी घेईना, ज्याने घेतली तो वीस मिनिटं एकाच जागी उभा मॅपवर दिसत होता. शेवटी दहाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गाडी काढली. ज्यांनी हिंजवडी संध्याकाळी पाहिलीय त्यांना शिवाजी चौक म्हणजे काय ते सांगायला नको. जेमतेम सात किलोमीटर जायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली, मी मागच्या सीटवर त्यांचा हात धरून बसलेली आणि त्या मलाच म्हणत होत्या, घाबरू नकोस, काही होत नाही. बीपी खूप वाढलं होतं, वेळेत औषध मिळालं, दुसऱ्या दिवशी घरी आल्या. पण त्या पन्नास मिनिटांनंतर ऑफिसपासूनचं दीड किलोमीटर हे अंतर मी परत कधी कौतुकाने सांगितलं नाही.

ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं होतं, तितके दिवस काढले आणि त्या काळात दुसरं घर शोधायला लागलो. या वेळी पद्धतच बदलली. एक तर मी एजंटला सांगितलं की आधी घर दाखवू नका, आधी आम्ही गल्ली बघतो. दुसरं म्हणजे दुपारी जायचं नाही. दुपारी एक ते चार कुठलाही एरिया शांतच असतो. आम्ही जायचो ते आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी साडेसहानंतर आणि एकदा सकाळी सहा सातला. आणि तिसरं, सासूबाईंना घेऊन. रिक्षातून उतरायचो आणि त्यांना म्हणायचो, आई, तुम्ही चाला पुढे, आम्ही मागे येतो. त्या जिथे थांबतील, जिथे रस्ता ओलांडायला घाबरतील, जिथे कट्टा बघून टेकतील, ते आम्ही बघायचो. एका ठिकाणी वीस मिनिटांत त्या एकदाही टेकल्या नाहीत कारण टेकायला जागाच नव्हती, दोन्ही बाजूला पत्र्याचे कंपाउंड आणि पार्क केलेल्या गाड्या. तो एरिया तिथेच बाद.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडली ती पिठाची गिरणी. हसू नका, खरंच. ज्या गल्लीत गिरणी चालते तिथे रोज स्वयंपाक करणारी, दळण घेऊन चालत येणारी घरं आहेत, म्हणजे म्हातारी माणसं आहेत, म्हणजे दुपारी रस्त्यावर कोणीतरी ओळखीचं असणार. गिरणीवाल्या काकांना काय काय माहीत असतं. पाणी कोणत्या बिल्डिंगला कमी येतं, कुठला मालक डिपॉझिट परत देताना कटकट करतो, कोणत्या शाळेची बस इथून जाते, लाईट किती वेळा जाते. तसंच इस्त्रीवाले आणि मेडिकलवाले. मेडिकलवाल्याला मी विचारायचे, रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि रात्री डॉक्टर लागला तर लोक कुठे जातात. दोन प्रश्नांत अख्ख्या एरियाचा अंदाज येतो.

कुठले कुठले भाग बघितले तेही सांगते, कारण कोणाला तरी उपयोग होईल, फक्त ही माझी मतं आहेत, आमच्या घरातल्या माणसांच्या हिशोबाने. वाकडला सगळं मिळतं, दुकानं, हॉस्पिटलं, शाळा, पण भूमकर चौक आणि हायवेचा तो पट्टा संध्याकाळी मला नको वाटला, दोघंही नोकरीला आणि घरात म्हातारं कोणी नसेल तर वाकड ठीक. पुनावळे, ताथवडे, रावेत या बाजूला घरं मोठी, भाडं कमी, सोसायट्या नव्या, पण अजून सगळीकडे बांधकाम चालू, आणि मला एक वर्ष धूळ खाऊन झालं होतं. पाचसात वर्षांनी तो भाग सुंदर होईल, फक्त माझी मुलं आत्ता लहान आहेत. बाणेर बालेवाडी चांगलं, शिवाय हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग वाकड, बालेवाडी, बाणेर करतच जातो, ज्यांना रोज मेट्रोने जायचंय त्यांनी स्टेशन बघूनच घर घ्यावं. पण भाडं आमच्या आवाक्यात नव्हतं. औंधला सासूबाई सगळ्यात जास्त खूश होत्या, डीपी रोडचे ते रुंद फूटपाथ, झाडं, बसायला बाक, त्या म्हणाल्या हे गाव बरं आहे. भाडं ऐकून गप्प बसल्या. कोथरूडला त्यांची चुलत बहीण आहे, तिथे तर त्या उद्या जातील, नाट्यगृह, बागा, मराठी शेजार, सगळं, पण कोथरूड ते हिंजवडी रोज येणं जाणं मला झेपलं नसतं. मी थकून आले तर त्याचाही त्रास घरालाच, तेही धरायला हवं. पिंपळे सौदागर जवळपास ठरलंच होतं, लिनिअर गार्डन मुलांना फार आवडलं होतं, तेवढ्यात तो फ्लॅट दुसऱ्याला गेला.

आणि मग नवी सांगवी. तिथे आम्ही खरं तर पिंपळे गुरवला एक घर बघायला चाललो होतो. कृष्णा चौकाच्या जरा पुढे सासूबाई म्हणाल्या, थांबा जरा, पाय दुखतोय. एका जुन्या तीन मजली बिल्डिंगच्या पुढे सिमेंटचा बाक होता, त्यावर चार बायका लसूण सोलत बसलेल्या, खरंच, मांडीवर ताट घेऊन. त्यातल्या एकीने सरकून जागा दिली आणि विचारलं, कुठल्या तुम्ही? या म्हणाल्या नाशिकच्या. त्यावर ती, "अय्या, माझं माहेर निफाडचं!" झालं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं दोन मुलांना घेऊन रस्त्यावर उभे, मुलगा रसवंतीगृहाकडे ओढतोय, आणि सासूबाईंच्या हातात कोणीतरी लसणाचा गड्डा दिलेला आणि त्या सोलतायत. अकरा महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्याच बिल्डिंगमधे पहिला मजला दोन महिन्यांनी रिकामा होणार होता, हे त्या लसूण सोलणाऱ्या मावशींनीच सांगितलं. एजंट नाही, ब्रोकरेज नाही.

तरी भावनेच्या भरात लगेच हो म्हटलं नाही, एकदा पोळलो होतो ना. पाण्याची चौकशी केली. सांगवी पिंपरी चिंचवडमधे, तिथे पवना धरणाचं पाणी येतं आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते एक दिवसाआड येतं, हे शहराबाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतं. मोठ्या सोसायटीत खाली टाकी मोठी असते म्हणून जाणवत नाही, जुन्या बिल्डिंगमधे जाणवतं. म्हणून टाकी किती लिटरची, किती घरं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे मालकाला न विचारता खालच्या भाडेकरूंना विचारलं. दुसरं, पूर. सांगवी म्हणजे मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधला भाग, जुन्या सांगवीत नदीकाठच्या सखल भागात पाणी शिरतं. नदीच्या पूररेषा असतात, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या, नदीजवळ घर बघत असाल तर ते आधी बघा. आणि त्याहून सोपं म्हणजे किराणावाल्याला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? तो बरोबर हात करून दाखवतो. आमची गल्ली बरीच वर होती. नंतर जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरात पाणी गेलं, तेव्हा आम्हाला इथे येऊन तीनच महिने झाले होते, त्या दिवशी मी दर अर्ध्या तासाने गॅलरीत जाऊन बघत होते, गल्ली कोरडी राहिली.

नेटचंही बघितलं. नवऱ्याच्या कामात महिन्याच्या ११ आणि २० तारखा म्हणजे परीक्षा, रिटर्न भरायला लोकांची रांग, त्या दिवशी नेट गेलं तर क्लायंटला दंड. दोन वेगळ्या कंपन्यांची लाईन त्या बिल्डिंगमधे येते हे खात्री करूनच हो म्हटलं. मुलीच्या शाळेचं मात्र घराआधी केलं, आणि हे मी प्रत्येकाला सांगते, आधी शाळेत जागा आहे का बघा, मग घराचं टोकन द्या. चालत नऊ मिनिटांवर एक सेमी इंग्लिश शाळा होती, तिसरीत दोन जागा शिल्लक. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जन्मदाखला, आणि आधीच्या शाळेतून ऑनलाईन नावाची बदली, यू डायस या सरकारच्या शाळांच्या पोर्टलवर प्रत्येक मुलाचा कायमचा नंबर असतो, पेन म्हणतात, त्यावरून ती होते. आधीच्या शाळेने ते ऑनलाईनचं काम तीन आठवडे लांबवलं आणि मला चार चकरा मारायला लावल्या, म्हणून दाखला हातात घेताना त्याच वेळी समोर बसून ते करून घ्या. बस लागणारच असेल तर २०११ च्या स्कूल बसच्या नियमांप्रमाणे गाडीत मदतनीस हवा, मुली असतील तर बाई, हे नुसतं विचारू नका, सकाळी स्टॉपवर उभं राहून बघा.

कागदपत्रांचं एक. लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट, म्हणजे आपला भाडेकरार, रजिस्टर करणं आपल्याकडे कायद्याने सक्तीचं आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचं आहे म्हणून नोटरी चालेल असं खूप जण सांगतात, नाही चालत. आता ते ऑनलाईन होतं, माणूस घरी मशीन घेऊन येतो, अंगठे घेतो, पंधरा मिनिटांत काम. आधार बदलायला, शाळेला, बँकेला, सगळीकडे तोच कागद लागतो. आणि लॉक इन पीरियड (म्हणजे किती महिने घर सोडता येत नाही) व रंगाचे पैसे हे दोन मुद्दे सही करायच्या आधी वाचा. पहिल्या घरी आम्ही वाचले नव्हते, जाताना डिपॉझिटमधून रंगाच्या नावाखाली एका महिन्याचं भाडं कापलं गेलं, भिंतीवर खिळासुद्धा मारला नव्हता आम्ही.

आता इथल्या अडचणी. लिफ्ट नाही, पहिला मजला म्हणून निभतंय, पण सासूबाईंचे गुडघे आणखी वाढले तर प्रश्न आहे. पार्किंग एकच, रात्री नऊनंतर गल्लीत गाडी लावायला जागा नसते आणि त्यावरून भांडणं होतात. किचन आधीच्या निम्मं. गणपतीत स्पीकर रात्री उशिरापर्यंत, बारकं पोर दचकून उठतं. डोंगर दिसत नाही, समोर दुसऱ्या बिल्डिंगची गॅलरी दिसते, त्यात वाळत घातलेले कपडे. आणि माझं ऑफिस आता तेरा किलोमीटर. रक्षक चौकात कंपनीची बस येते, सकाळी सव्वासातला निघते, जाताना पाऊण तास, येताना सव्वा तास धरायचा, पावसात त्याहून जास्त. तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून आहे म्हणून जमतं, पाचही दिवस असतं तर मी कदाचित वाकडच्या अलीकडे काहीतरी बघितलं असतं. येताना बसमधे मी भाजीचा विचार करत नाही, गॅसचा करत नाही, पोरांना कोण बघतंय याचा करत नाही, डोळे मिटून गाणी ऐकते. दीड किलोमीटरवर राहायचे तेव्हा दहा मिनिटं आधीपासूनच पोटात गोळा असायचा, आज घरात काय झालं असेल.

मुलगी शाळेतून दोन मैत्रिणींबरोबर चालत येते, वाटेत आवळा कँडी घेते, त्याचे पैसे आजी देते. पहिल्यांदा तिघी एकट्या आल्या त्या दिवशी नवरा लपून पन्नास पावलं मागे चालत होता आणि इस्त्रीवाल्या काकांनी त्याला हाक मारून सांगितलं, तुमची पोरगी आत्ता गेली बरं का, काळजी करू नका. मुलाला पिंपळे गुरवचं डायनासोर गार्डन म्हणजे जगातली सगळ्यात भारी जागा वाटते, प्रत्येक डायनासोरला त्याने नाव दिलंय. पीडब्ल्यूडी मैदानावर पवनाथडी जत्रा भरते, बचत गटांच्या बायकांचे स्टॉल, मांडे, खरवस, थालीपीठ, तिथे सासूबाई लसूण मंडळाबरोबर गेल्या आणि रात्री नऊला आल्या, आम्ही दोघं फोन करून करून थकलो, तर म्हणाल्या फोन पिशवीत होता. औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ, बीपीचे डॉक्टर चालत पाच मिनिटांवर. डाळ तीन शिट्ट्यांत शिजते.

माझं म्हणणं असं नाही की सगळ्यांनी सांगवीला यावं. तुमच्या घरात कोण आहे त्यावर सगळं आहे. दोघंच असाल तर ऑफिसजवळ राहा, सुखात राहाल. मूल तान्हं असेल तर पाळणाघर आणि मुलांचे डॉक्टर आधी बघा. वडील रिटायर्ड असतील तर लायब्ररी आणि सकाळी चालायला मैदान, आमच्या ओळखीत एकांनी फक्त ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र जवळ आहे म्हणून घर घेतलं आणि त्यांचे वडील आता तिथे कॅरमचे खजिनदार आहेत. फक्त घर पक्कं करण्याआधी, घरात जो सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे त्याला त्या गल्लीत एक संध्याकाळ चालवून बघा. एवढं तरी नक्की करा.

गेल्या आठवड्यात नणंदेचा फोन आला, दिवाळीत पोरांना घेऊन येतेय. आधीच्या घरी ती एकदा आली होती तेव्हा सासूबाईंना पत्ता सांगता आला नव्हता, टॉवर, विंग, गेट नंबर, त्या गोंधळल्या आणि फोन माझ्याकडे दिला. या वेळी फोन त्यांनीच घेतला. मी पोळ्या करत होते, ऐकू येत होतं. "हे बघ, शिवाजीनगरपर्यंत जाऊ नकोस, नाशिक फाट्यालाच उतर. रिक्षावाल्याला म्हण कृष्णा चौक, जास्त मागेल, देऊ नकोस. चौकातून आत आलीस की उजव्या हाताला गिरणी लागेल, तिथे विचार, नाशिकच्या आजी कुठे राहतात. कोणीही सांगेल."